देणे वादाचे, धमकी टाळ्याची!

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, नावात बदल आणि हरवले-सापडलेच्या जाहिरातींच्या शेजारी, एक उभी चौकट पूर्वी अधूनमधून दिसायची. वर 'मुंबई येथील उच्च न्यायालयात', त्याखाली 'कंपनी कायदा १९५६ बाबत', मग एका कंपनीचे नाव आणि ती मोडीत काढावी असा अर्ज अमुक तारखेला सुनावणीस येणार असल्याची सूचना. भाषा अशी रुक्ष की त्यापेक्षा दुधाचा हिशेब वाचावा! मीही कित्येक वर्षे ती चौकट न वाचताच पान उलटत असे. एका सकाळी मात्र त्या चौकटीत ओळखीचे नाव दिसले आणि हातातला चहा तसाच राहिला.

कंपनी आमच्या एका स्नेह्यांची होती. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत दोघा भावांचा छोटा कारखाना. पत्र्याचे सुटे भाग तयार करून मोठ्या कारखान्यांना पुरवायचे. पाटीवर 'प्रायव्हेट लिमिटेड' असले तरी कारभार सारा घरचाच. थोरले बाहेरचे पाहणार, धाकटे यंत्रांपाशी, आणि हिशेबाच्या वह्या वहिनींकडे. तीसेक कामगार. त्यांचा पगार महिन्याच्या सात तारखेला होई आणि तो कधी चुकला नव्हता. मग ही कंपनी बुडाली कशी?

ती बुडाली नव्हतीच. पत्रा पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याशी भांडण होते. एका खेपेचा पत्रा कमी जाडीचा निघाला म्हणून यांनी साडेतीन लाखांचे बिल अडवून धरले. व्यापारी म्हणे, माल बरोबर होता. सरळ दिवाणी दावा लागला असता तर साक्षीपुरावे होऊन काय तो निकाल लागला असता. व्यापाऱ्याच्या वकिलाने वेगळी वाट धरली. एकवीस दिवसांची नोटीस पाठवली आणि मुदत टळताच कंपनी मोडीत काढण्याचा अर्ज केला. थोरल्यांनी ती नोटीस वाचली होती. 'त्याला तोंडावर सांगितलेय माल खराब आहे म्हणून, आता लिहून कशाला द्यायचे?' असे म्हणत खणात टाकली होती. पुढे न्यायालयाचे बोलावणे आले तेव्हा धावपळ झाली, पण वाद असल्याचा कागद एकही नाही. अर्ज दाखल करून घेतला गेला आणि जाहिरातीचा आदेश निघाला.

जाहिरात आली त्याच आठवड्यात बँकेच्या व्यवस्थापकांचा फोन आला. दुसऱ्या पुरवठादाराने उधारी बंद केली. आधी पैसे, मग माल! सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागाने 'तुमचे काय चालले आहे?' असे विचारले. कामगार जेवणाच्या सुट्टीत घोळक्याने कुजबुजू लागले. पंधरा दिवसांत भावांनी साडेतीन लाख व्याजासह मोजले आणि अर्ज मागे घेतला गेला. पत्रा जाड होता की पातळ, हे आजतागायत कोणी ठरवलेले नाही. भांडण मिटले नव्हते, एक बाजू घाबरली होती एवढेच.

त्या प्रसंगापासून एक प्रश्न माझ्या मनात आहे. देणे खरोखरच वादाचे असेल, तर अशा अर्जदाराला दारातच थांबवण्याची सोय कायद्यात असावी की नसावी? कोणालाही न्यायालयात जाण्यापासून अडवणे हे वाईटच. पण न्यायालयात नुसते जाण्यानेच समोरच्याचा गळा आवळला जात असेल तर काय करायचे? आता कायदा बदलला आहे, न्यायालयाच्या जागी न्यायाधिकरण आले आहे, तरी प्रश्न जिथे होता तिथेच आहे.

पाचशे रुपयांचे हत्यार

'अवसायन' हा शब्द आपल्याकडे सहकारी बँकांमुळे घरोघरी माहीत झाला. कंपनीचेही तसेच. न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम दिला की संचालकांचे अधिकार संपतात, अवसायक कुलपे लावतो, मालमत्ता विकतो आणि कायद्याने ठरलेल्या क्रमाने देणी भागवतो. थोडक्यात, हा कंपनीचा अंत्यविधी. तो कोणा एका धनकोच्या वसुलीसाठी नसतो, सगळ्याच धनकोंच्या हितासाठी असतो.

१९५६ च्या कायद्यात कंपनी मोडीत काढण्याची अनेक कारणे दिली होती. त्यांतले सर्वांत वापरातले कारण म्हणजे 'कंपनी देणी देण्यास असमर्थ आहे'. असमर्थता ठरवायची कशी? कायद्याने सोपी युक्ती सांगितली. पाचशे रुपयांहून अधिक देणे असलेल्या धनकोने कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर मागणी पाठवावी. तीन आठवड्यांत कंपनीने पैसे दिले नाहीत किंवा धनकोचे समाधान केले नाही, तर ती असमर्थ आहे असे मानावे. १९५६ साली पाचशे रुपये ही रक्कम होती. पुढे ती किराणा दुकानाच्या महिन्याच्या बिलाएवढी झाली, तरी व्यवहारात आकडा तोच राहिला.

या हत्याराला आणखी दोन धारा होत्या. पहिली धार तारखेची. हुकूम पाच वर्षांनी झाला तरी अवसायन सुरू झाले ते अर्ज दाखल झाला त्या दिवशी, असे कायदा मानी. मधल्या काळात कंपनीने मालमत्तेचे केलेले व्यवहार न्यायालयाने मान्य केले नाहीत तर रद्दबातल. आता सांगा, अशा कंपनीशी कोणता शहाणा माणूस नवा व्यवहार करील? दुसरी धार जाहिरातीची. राजपत्रात, एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात सुनावणीच्या किमान चौदा दिवस आधी जाहिरात द्यावी, असा नियम होता. हेतू चांगला होता. बाकीच्या धनकोंना कळावे आणि त्यांनाही म्हणणे मांडता यावे. पण व्यापारात पत ही काचेच्या भांड्यासारखी. न्यायालयाने शेवटी अर्ज फेटाळला तरी फुटलेले भांडे सांधत नाही, आणि अर्ज फेटाळल्याची बातमी तेवढ्याच ठळकपणे कोणी छापत नाही.

हेच शस्त्र घरातल्या भांडणातही निघते. भावाभावांच्या कंपनीत बेबनाव झाला की एक गट 'कंपनी बंद करणेच न्याय्य व योग्य' या कारणावरून अर्ज करतो. सर्वोच्च न्यायालयाने 'हिंद ओव्हरसीज' प्रकरणात या बाबतीत सावध राहण्यास सांगितले आहे. भागीदारांत पटत नाही एवढ्यावरून चालती कंपनी मोडायची नसते. पण अर्जाची नुसती धमकीही दिवाळीच्या फराळाला एकत्र बसणारे घर दुभंगायला पुरेशी होते.

साहेबाच्या देशातली खिडकी

आपला कंपनी कायदा इंग्लंडच्या कायद्याच्या मुशीतून निघाला, म्हणून तिथे काय घडले ते पाहणे उपयोगाचे आहे. तिथल्या न्यायालयांनी हा धोका फार लवकर ओळखला. १८७४ सालच्या 'काडीझ वॉटरवर्क्स विरुद्ध बार्नेट' या प्रकरणातच, ज्या देण्याबद्दल प्रामाणिक वाद आहे त्यासाठी कंपनी मोडण्याचा अर्ज आणू नये, असा मनाई हुकूम निघाला. पुढे १९६८ साली 'मान विरुद्ध गोल्डस्टाइन' या प्रकरणात तत्त्व अधिक स्वच्छ झाले. मोडीचा अर्ज करण्याचा हक्क 'धनको'ला आहे. देणे आहे की नाही हाच वाद असेल, तर अर्जदार धनको आहे हेच मुळी ठरलेले नाही. ते आधी योग्य न्यायालयात ठरवून या, मग इकडे या.

मला भावते ती तिथली आणखी एक पद्धत. असा मनाई हुकूम मागणाऱ्या कंपनीचे नाव पुष्कळदा निकालपत्रातही छापत नाहीत. प्रकरणाचे शीर्षकच असते, 'एका कंपनीच्या बाबतीत'. जी बदनामी टाळायची, ती निकालपत्रानेच व्हायला नको, एवढे साधे तारतम्य! २०२० च्या जूनमध्ये, करोनाच्या टाळेबंदीत दुकाने बंद पडली असताना, थकलेल्या भाड्यासाठी निघालेला असाच एक अर्ज तिथल्या न्यायालयाने थोपवला. संरक्षण देणारा नवा कायदा तेव्हा संसदेत मंजूर व्हायचा होता; तो होणार हे दिसत असल्याने न्यायाधीशांनी हात दिला. त्या निकालालाही नाव 'एक कंपनी' एवढेच.

१९८३ : दार बंद

आपल्याकडे हीच खिडकी उघडण्याचे प्रयत्न झाले. एकाने नोटीस दिली की दुसऱ्याने दिवाणी दावा लावायचा आणि 'यांना मोडीचा अर्ज करण्यास मनाई करा' असे मागायचे. या वाटेवर निर्णायक अडसर घातला तो १९८३ साली, 'कॉटन कॉर्पोरेशन ऑफ इंडिया विरुद्ध युनायटेड इंडस्ट्रियल बँक' या प्रकरणात. कॉटन कॉर्पोरेशन ही कापूस खरेदी करणारी सरकारी कंपनी. तिचे म्हणणे, बँक आमचे देणे लागते. बँकेचे म्हणणे, हे देणे आमच्यावर बंधनकारकच नाही. बँकेने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला आणि कॉर्पोरेशनने मोडीचा अर्ज करू नये असा मनाई हुकूम मागितला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी बोट ठेवले ते १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ४१(ब) वर.

हे कलम सांगते की, जे न्यायालय आपल्या हाताखालचे नाही त्या न्यायालयात जाण्यापासून कोणालाही मनाई हुकमाने अडवता येणार नाही. मोडीचा अर्ज तेव्हा उच्च न्यायालयापुढेच होत असे, आणि उच्च न्यायालय काही स्वतःच्या हाताखाली नसते. तेव्हा मनाई नाही. कायमचा मनाई हुकूम देता येत नाही तिथे तात्पुरताही देता येणार नाही. आपल्या गाऱ्हाण्याची दाद न्यायालयात मागता येणे हा नागरिकाचा मोलाचा हक्क आहे, तो दारातच हिरावून घेता येत नाही. अर्ज खोडसाळ असेल तर ज्या न्यायालयापुढे तो येईल तेच त्याचा समाचार घेईल, अशी निकालाची दिशा होती.

निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मी मनातून खट्टू झालो होतो. भोसरीची गोष्ट डोळ्यांपुढे होती ना! पण विचार केल्यावर त्यातले शहाणपण पटत गेले. कल्पना करा की हे दार उघडे असते. तर बुडीत निघालेल्या प्रत्येक लबाड कंपनीने नोटीस येताच कुठल्या तरी गावच्या दिवाणी न्यायालयातून एकतर्फी मनाई आणली असती आणि बिचारा धनको वर्षानुवर्षे तारखा मोजत बसला असता. ढाल ही प्रामाणिकालाही मिळते आणि ठकालाही. आणि ठकाचे वकील बहुधा जास्त चपळ असतात.

दार बंद, पण ओसरी होती

शिवाय दार बंद झाले तरी न्यायालयांनी आत एक ओसरी बांधून ठेवली होती. १९६५ साली 'अमाल्गमेटेड कमर्शियल ट्रेडर्स' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की, प्रामाणिकपणे वादाच्या असलेल्या देण्याची वसुली करण्यासाठी दडपण आणण्याचे साधन म्हणून मोडीचा अर्ज वापरता येणार नाही. १९६७ साली 'नॅशनल कंड्युइट्स' प्रकरणात जाहिरातीचा प्रश्न सुटला. अर्ज आला की जाहिरात दिलीच पाहिजे असे नाही. न्यायाधीश आधी कंपनीला बोलावून तिचे ऐकू शकतात, आणि गैरवापर दिसला तर जाहिरात थांबवू शकतात. १९७१ साली मुंबईच्याच एका कंपनीच्या, 'मधु वूलन'च्या प्रकरणात कसोटी सांगितली गेली. बचाव प्रामाणिक हवा, त्यात दम हवा, कायद्यापुढे तो टिकण्यासारखा हवा आणि त्याला पूरक असा प्रथमदर्शनी पुरावा हवा. त्याच निकालाची दुसरी बाजू कंपन्या सोयीस्कर विसरतात. देणे निर्विवाद असेल, तर 'ऐपत आहे पण देत नाही' हा बचाव चालणार नाही.

म्हणजे मनाई हुकूम बाहेरून मिळत नसला तरी त्याचे काम आत होत होते. ज्याच्याजवळ कागद होता त्याचे भागले. आमच्या स्नेह्यांजवळ तो नव्हता, म्हणून ओसरीवरून ते थेट बाजारात उभे राहिले.

ओसरीवर टिकले नाही तरी वरच्या न्यायालयाची स्थगिती उरते. स्पाइसजेट या विमान कंपनीचे प्रकरण अनेकांना आठवत असेल. विमानांच्या इंजिनांची देखभाल करणाऱ्या एका स्विस कंपनीची बिले थकली होती, ती वसूल करण्याचा हक्क क्रेडिट स्वीस या बँकेकडे आला होता, आणि तिने २०१५ साली मद्रास उच्च न्यायालयात मोडीचा अर्ज केला होता. रक्कम सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर. स्पाइसजेटचे म्हणणे, देखभाल करणाऱ्या कंपनीकडे त्या काळात आपल्या नागरी विमान वाहतूक खात्याची वैध परवानगीच नव्हती. हा बचाव पटला नाही. ६ डिसेंबर २०२१ ला कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम झाला, जानेवारी २०२२ मध्ये खंडपीठानेही तो कायम केला. २८ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, दोन्ही बाजू बोलणीला बसल्या आणि त्याच वर्षी तडजोड झाली. दोन न्यायालयांत हरलेला बचाव; पण उडती विमाने, तिकिटे काढून बसलेले प्रवासी आणि नोकरदार यांच्यासाठी काही आठवड्यांचा अवकाश मिळाला आणि धनकोलाही पैशांची सोय लागली. स्थगितीचे खरे मोल हेच. ती कोणाला जिंकून देत नाही, बोलायला वेळ देते.

नवी संहिता, जुनी सवय

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने चित्र पालटले. देणी थकल्याच्या कारणावरून उच्च न्यायालयात मोडीचा अर्ज करण्याचा मार्ग संपला. आता राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे जायचे. उद्देशही बदलला, आधी कंपनी वाचवण्याचा प्रयत्न, तो फसला तर अवसायन. पण अर्ज दाखल करून घेतला गेला की संचालक मंडळ तिथल्या तिथे बाजूला होते आणि नेमलेला व्यावसायिक कारभार हाती घेतो. म्हणजे पूर्वी हुकमाअंती व्हायचे ते आता सुरुवातीलाच होते. आणि मनाईचे दार? ते दुहेरी कडी लावून बंद. संहितेच्या बाबतीत दिवाणी न्यायालयांना अधिकारच नाही, आणि न्यायाधिकरणाच्या अधिकारातल्या कारवाईला कोणत्याही न्यायालयाने मनाई करू नये, असे संहितेतच लिहिले आहे. उच्च न्यायालयाचा घटनादत्त रिट अधिकार आहे, पण तो अपवादाने वापरायचा.

मग खरा वाद असणाऱ्याने करायचे काय? त्याचे उत्तर २१ सप्टेंबर २०१७ च्या 'मोबिलॉक्स विरुद्ध किरुसा' या निकालात आहे, आणि गंमत म्हणजे त्याचा उगम 'नच बलिये' या नाचाच्या कार्यक्रमात आहे! कार्यक्रमासाठी प्रेक्षकांनी फोनवरून मते द्यायची. ते काम मोबिलॉक्सकडे होते, तिने त्यातला भाग किरुसाकडे दिला. गुप्तता पाळण्याचा करार असताना किरुसाने आपण हे काम केल्याचे जाहीर केले, असे म्हणून मोबिलॉक्सने २०१५ च्या जानेवारीत लेखी कळवून पैसे अडवले. पुढे किरुसाने संहितेखाली अर्ज केला. मुंबईच्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला, अपिलात उलटे झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मोबिलॉक्सच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती नरिमन यांनी सांगितलेली कसोटी साधी आहे. बचाव जिंकेल की नाही हे पाहू नका. मागणीची नोटीस मिळण्याआधीपासून खरा वाद अस्तित्वात होता का, एवढेच पाहा. दाणे आणि कोंडा वेगळा करा. नुसता थयथयाट असेल तर तो बाजूला सारा.

मोबिलॉक्सला वाचवले ते कोणत्या मनाई हुकमाने नाही. वेळेवर पाठवलेल्या एका पत्राने वाचवले. नोटिशीला उत्तर द्यायला पूर्वी एकवीस दिवस होते, आता दहाच आहेत.

मात्र ही सोय माल किंवा सेवा पुरवणाऱ्या धनकोपुरती. बँका आणि वित्तसंस्थांच्या बाबतीत 'वाद' हा बचाव नाही. पुण्याच्या इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीजने याचा अनुभव घेतला. राज्य सरकारने १९५८ च्या आपल्या कायद्याखाली कंपनीला दिलेले संरक्षण तिने ढालीसारखे पुढे केले. ३१ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने केंद्राची संहिताच वरचढ ठरवली. २०२२ साली नागपूरजवळच्या बुटीबोरी वीज प्रकल्पाच्या प्रकरणात न्यायालय थोडे नरमले. कंपनीचे स्वतःचेच मोठे येणे अपिलात अडकले असेल, तर अर्ज लगेच दाखल करून न घेण्याचा विवेक न्यायाधिकरणाला आहे, असे म्हटले. पण वर्षभरातच, तो निकाल त्या प्रकरणापुरता समजावा, असे दुसऱ्या निकालात सांगितले गेले. कंपनीला आशा वाटावी तोवर दार पुन्हा किलकिले झाले!

धनकोचीही बाजू आहे

आता नाण्याची दुसरी बाजू. आमच्या स्नेह्यांचीच गोष्ट उलटी करून पाहा. त्यांच्याच एका मोठ्या गिऱ्हाइकाने उद्या पैसे थकवले तर? २४ मार्च २०२० ला, करोनाच्या तोंडावर, सरकारने अर्जासाठीची किमान रक्कम एक लाखावरून एक कोटीवर नेली. संकटाच्या काळात ते योग्यही होते. संकट सरले, आकडा मात्र राहिला. पाचशे रुपयांचे हत्यार अन्यायाचे होते हे खरे, पण एक कोटीच्या उंबरठ्याने लहान पुरवठादाराच्या हातातली काठीच गेली. त्याने सूक्ष्म व लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेकडे जावे, असे कायदा सांगतो. ४५ दिवसांत पैसे, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, हे सारे २००६ पासून कागदावर आहे. पण ज्या गिऱ्हाइकावर आपले दुकान चालते त्याच्याविरुद्ध तक्रार करायची छाती किती जणांना होते?

उलट बड्यांच्या हाती ही संहिता वसुलीचे यंत्र बनते. दाखल होण्याआधीच तडजोडीने निकाली निघालेल्या अर्जांची संख्या हजारोंच्या घरात आहे. सरकार ती संहितेचे यश म्हणून सांगते. त्यात यश आहेच. हात आखडता घेणारे ऋणको भानावर आले. पण त्यांत भोसरीसारखे, वाद न सुटता भीतीने मोजलेले पैसे किती, हे कोण सांगणार? आणि एकदा अर्ज दाखल झाला की दोघांची तडजोडही दोघांची राहत नाही. जुलै २०२४ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाच्या सुमारे १५८ कोटींच्या मागणीवर बायजूज या शिकवणी कंपनीची प्रक्रिया सुरू झाली. महिन्याच्या आत तडजोड झाली, अपील न्यायाधिकरणाने ती मान्यही केली. पण ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्यता रद्द केली, कारण बाकीच्या धनकोंचा विचार ठरलेल्या रीतीने झालेला नव्हता. धमकी म्हणून ओढलेली साखळी हातात राहत नाही, गाडी थांबतेच, हा धडा अर्जदारांसाठीही आहे.

मग असावे काय?

इतके सारे पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे. दिवाणी न्यायालयांतून सरसकट मनाई हुकूम देण्याची प्रथा आपल्याला नको. १९८३ चा निकाल योग्यच होता. पण त्या निकालाने जे गृहीत धरले, की अर्ज ज्यांच्यापुढे जाईल तेच त्याचा समाचार घेतील, ते गृहीत आता पाळले गेले पाहिजे. त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, अर्ज दाखल करून घेईपर्यंत कंपनीचे नाव झाकलेले राहावे. इंग्लंडमधल्या 'एका कंपनी'सारखे. छापील जाहिरात आता आधी निघत नाही हे खरे, पण सुनावण्यांची यादी आज कोणालाही घरबसल्या दिसते आणि बातमी वाऱ्यासारखी पसरते. दुसरी, द्वेषाने किंवा लबाडीने अर्ज करणाऱ्याला एक लाख ते एक कोटी रुपये दंडाची तरतूद संहितेच्या कलम ६५ मध्ये आहे. ती म्यानातून बाहेर निघावी. तिसरी, वाद खरा की खोटा एवढाच प्रश्न आधी, लवकर आणि शांतपणे ऐकला जावा. महिनोन्‌महिने टांगून ठेवलेला अर्ज हा स्वतःच एक शिक्षा असतो, तीही गुन्हा न ठरवता दिलेली.

आणि कायदा बदलण्याची वाट न पाहता प्रत्येकाने करण्याजोगी एक गोष्ट. आज पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत कोणी ना कोणी छोट्या कंपनीचा संचालक आहे. मुलाने मित्रांबरोबर काढलेली, जावयाची, निवृत्तीनंतर स्वतःची. माल खराब आला, काम अर्धवट झाले, हिशेब जुळत नाही, तर त्याच आठवड्यात लिहून कळवा. दोन ओळी पुरेत, तारीख मात्र हवी. वकिलाची नोटीस आली तर खणात टाकू नका. आपला मराठी माणूस तोंडी शब्दाला मान देतो, ही चांगलीच गोष्ट. पण न्यायाधिकरणापुढे शब्द साक्षीला येत नाही, कागद येतो.

आमच्या स्नेह्यांचा कारखाना आज त्यांच्या मुली पाहतात. मध्यंतरी गेलो होतो तेव्हा थोरल्यांनी कौतुकाने एक जाडजूड फाइल दाखवली. आलेल्या प्रत्येक खेपेच्या पत्र्याची जाडी मोजून, तारीख घालून, त्याच दिवशी पुरवठादाराला पाठवलेली पत्रे. 'साडेतीन लाखांची फी भरून शिकलोय,' ते म्हणाले. वहिनी हसल्या नाहीत. त्या पंधरा दिवसांत कामगारांच्या पगारासाठी त्यांनी बांगड्या मोडल्या होत्या, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.